देव पावला!

मराठी घरात देव जाणवतो तो मुख्यतः काम अडल्यावर. सगळे सुरळीत चालले असेल तर तो देव्हाऱ्यात असतो. नळाला पाणी येईना, गॅसचा सिलिंडर पोहोचेना, दहावीच्या निकालाचे पान उघडेना, की तो घरभर होतो. तेजाचे लोट, आकाशवाणी, अंगावर रोमांच हे साक्षात्काराचे प्रकार पोथ्यांत भरपूर आहेत. रोजच्या व्यवहारात ते फारसे आढळत नाहीत. तिथला साक्षात्कार दोन शब्दांत उरकतो, आणि तोही बहुधा कमरेवर हात ठेवून: "देव पावला!" पाणी आले, देव पावला. वरच्या मजल्यावरचे ड्रिल एकदाचे थांबले, देव पावला. "बरं, निघतो आता" असे तिसऱ्यांदा म्हणणारे पाहुणे खरोखरच उठले, देव पावला.

'पावणे' हे क्रियापद जरा निरखून पाहण्यासारखे आहे. पोचणे, मिळणे आणि प्रसन्न होणे असे तिन्ही अर्थ ते एकटे सांभाळते. 'पावती' हा शब्दही त्याच्याच घरातला. मात्र देव पावतो, पावती देत नाही. ती देवस्थानच्या खिडकीवर मिळते, आणि मिळाली म्हणून देव पावलाच असे सिद्ध होत नाही. दुसरी गंमत काळाची. 'नवसाला पावणारा' हे देवळाच्या कमानीवर शोभते. घरात मात्र हे क्रियापद भूतकाळातच चालते. "थांबा, देव पावतोय" असे कोणी म्हणत नाही. देव येऊन, काम करून, निघून गेला की तो आला होता हे घरच्यांच्या लक्षात येते. प्लंबरचे नेमके उलट असते. तो येणार हे सकाळपासून सगळ्यांना ठाऊक असते.

देवाचा घरातला सर्वांत नियमित वावर सकाळचा. देव्हाऱ्यातली मंडळी ताम्हनात उतरतात: कुलदैवतांचे टाक, अन्नपूर्णा, शंख, घंटा आणि करंगळीएवढा रांगता बाळकृष्ण. यांत खऱ्या अर्थाने हिंडताफिरता देव तो हाच. कधी निर्माल्याबरोबर तो तुळशीच्या कुंडीत जातो, कधी देव पुसायच्या फडक्यात गुंडाळून धुण्याच्या बादलीत. मग शोधाशोध सुरू होते. घरातला प्रत्येक जण जमिनीवर गुडघे टेकून सोफ्याखाली वाकतो, जे एरवी कोणत्याही देवासाठी घडत नाही. दोन दिवसांनी बाळकृष्ण वॉशिंग मशीनच्या तळाशी सापडतो आणि पुन्हा ताम्हनात बसवून त्याला स्नान घातले जाते. तो एवढा खंगाळून आला आहे, हे लक्षात घेऊन आंघोळ माफ झाल्याचे ऐकिवात नाही.

पूजा चालू असताना शेजारच्या खोलीत आजींचे विष्णुसहस्रनाम चालू असते. ते पाठ असल्यामुळे तोंड मोकळे नसले तरी कान आणि डोळे मोकळे असतात. म्हणून नामांच्या ओघात "दूध बघ गं", "कोण आलंय दारात?" आणि "त्याला म्हणावं, पैसे पहिल्या तारखेला" ही नामेही त्याच सुरात, त्याच लयीत येऊन जातात. हजार नावे सोसणारा देव ही तीन जास्तीची निमूटपणे ऐकून घेतो. दूध मात्र उतू जाते.

नैवेद्याची भाषाही अर्थपूर्ण आहे. मराठीत नैवेद्य 'दाखवतात'. पाण्याने चौकोन काढून त्यावर ताट ठेवायचे, वर तुळशीचे पान, भोवती पाणी फिरवायचे, डोळे मिटून घास भरवल्याची खूण करायची आणि ताट उचलायचे. देवाच्या जेवणाला साधारण एक मिनिट मिळते. तो यातले काही खाणार नाही या विश्वासावरच पुरणपोळ्या माणसे मोजून केलेल्या असतात. या करारात पहिला घोळ घातला तो लहानग्या नामदेवाने. वडिलांच्या गैरहजेरीत नैवेद्य घेऊन देवळात गेलेल्या या पोराला 'दाखवणे' म्हणजे काय ते कोणी सांगितलेच नव्हते. देव खात नाही म्हणून तो हट्टाला पेटला आणि कथेनुसार विठ्ठलाला अखेर खावे लागले.

त्यानंतर देवाने खरोखर घेतल्याची सर्वांत मोठी बातमी आली ती २१ सप्टेंबर १९९५ रोजी, गुरुवारी. गणपती दूध पितो आहे म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. घरोघरी पितळेच्या, चांदीच्या मूर्तींच्या सोंडेला चमचे लागले. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाते आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंग घातलेले दूध वापरून दाखवले. अनेक घरांत हे स्पष्टीकरण पटले. पटता पटता चमचा मात्र सोंडेलाच होता. दोन दिवसांत प्रकरण निवले आणि नैवेद्य पूर्वीप्रमाणे नुसता दाखवण्यात येऊ लागला. गृहिणींच्या दृष्टीने हे बरेच झाले. देव रोज खराच जेवायला लागता तर देव्हाऱ्यातली संख्या पाहता कणीक पुरली नसती.

हरवलेल्या वस्तूंचे खाते स्वतंत्र आहे. किल्ली, चष्मा, रेशनकार्ड किंवा रिमोट सापडत नसेल तर जुन्या घरांत कार्तवीर्यार्जुनाचे नाव घेतात. हा माहिष्मतीचा हैहय राजा. हात एक हजार. याने प्रत्यक्ष रावणाला कैदेत टाकले होते. त्याची नेमणूक कोणी केली ते कळत नाही, पण निवड चोख आहे: शोधकामाला हजार हात म्हणजे चेष्टा नाही. शिवाय उपायाला गुण येतो, हे मान्य करावे लागते. आरडाओरडा करत कपाट उपसणारा माणूस श्लोक म्हणण्यापुरता खुर्चीत बसतो, बसल्यावर त्याचे डोके ताळ्यावर येते, आणि चष्मा त्याच डोक्यावर आहे हे त्याच्या लक्षात येते. हजारापैकी एकच हात वापरला गेला, तरी श्रेय पूर्ण दिले जाते.

बाजारात देवीची हजेरी अशीच भाषेत मुरलेली आहे. दिवसाच्या पहिल्या विक्रीला 'भवानी' म्हणतात. "अजून भवानी नाही झाली ताई, आता भाव नका करू," असे भाजीवालीने म्हटले की व्यवहार दोघींपुरता राहत नाही; त्यात तुळजापूर येते, आणि घासाघीस करणारी नरमते. पहिली नोट भाजीवाली डोळ्यांना लावते, तराजूला लावते, मग कनवटीला. हल्ली नोटेऐवजी खोक्यातून इतके-इतके रुपये जमा झाल्याचा आवाज येतो. यावर एका भाजीवालीने काढलेला तोडगा सरळ आहे: आवाज आला की ती खोक्याला हात लावून तोच कपाळाला लावते. भवानीने आकाशवाणी करायची पद्धत पुराणांत होतीच.

देवाला शहरात मिळालेली नवी नोकरी म्हणजे राखणदाराची. सरकारी कचेऱ्या, चाळी आणि सोसायट्या यांच्या जिन्यांत कोपऱ्याकोपऱ्यांना देवांच्या फरश्या बसवलेल्या असतात, पान-तंबाखूच्या पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून. गणपती, साईबाबा, क्रूस, काबा, गुरू नानक, सगळे एका ओळीत आणि सगळे गुडघ्याच्या उंचीवर. सर्वधर्मसमभावाचे इतके स्वस्त आणि टिकाऊ प्रात्यक्षिक दुसरे नसेल. पहिल्या मजल्यावर तोबरा भरून आलेला इसम इथे थबकतो. त्याला देव जाणवला आहे यात शंका नाही. चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसते. तो दुसरा मजला चढतो, तिसरा चढतो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक फरशी निखळलेली असते. देव चराचरात आहे ही शिकवण त्याला लहानपणापासून पाठ असते, तरी तेवढी चौकोनी जागा चराचराच्या बाहेर आहे असा निर्णय घेऊन तो मोकळा होतो.

या राखणदारीचे टोक शनिशिंगणापुरात पाहायला मिळते. तिथे घरांना दारे-कुलपे न लावण्याची रीत आहे. शनिदेव पाहतो आहे, एवढा पहारा पुरतो. २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेनेही तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली. पुढे गावात पोलीस ठाणेही आले. शनिदेवाने त्यावर काही मत दिलेले नाही.

मत विचारायचेच असेल तर कोकणात जावे. तिथे देवाला प्रश्न विचारायची आणि उत्तर घ्यायची रीतसर व्यवस्था आहे: कौल. मूर्तीला कळ्या, पाकळ्या किंवा तांदूळ लावतात. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. गोव्यात यालाच प्रसाद घेणे म्हणतात. त्याआधी गाऱ्हाणे होते. त्यात देवाला कोणाची जमीन, कोणाचे लग्न, कोणाचा मुलगा मुंबईत कुठे चिकटायचा राहिला आहे, हे नावनिशीवार ऐकवतात आणि प्रत्येक वाक्याला जमाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. कोणी विरोध करत नाही, कोणी सभात्याग करत नाही. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तर पंचांगात नसतेच. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि ती जाहीर होताच मुंबईतले चाकरमानी आधी रजेचा अर्ज लिहितात, मग रेल्वेचे आरक्षण पाहतात, मग पुन्हा एकदा देवीला हाक मारतात, कारण आरक्षण संपलेले असते. जादा गाड्या सोडल्या जातात तेव्हा ती पावते.

कौलाची घरगुती आवृत्ती म्हणजे तसबिरीवरचे फूल. मुलीला पाहायला मंडळी यायची आहेत, आई हात जोडून उभी आहे आणि गणपतीच्या तसबिरीवरून जास्वंद उजवीकडे पडते. "दिलं बाई उजवं!" यात तसबिरीच्या कलण्याचा आणि पंख्याच्या रेग्युलेटरचा वाटा किती, असे विचारणारा मुलगा घरात असतोच, त्याला चहाचे कप काढायला पाठवतात. फूल डावीकडे पडले तर मात्र आईच वर पाहते आणि म्हणते, "तो पंखा बंद करा रे आधी." उजवे देव देतो, डावे पंखा पाडतो, ही विभागणी पिढ्यान्पिढ्या निर्वेध चालत आली आहे.

देवावर दबाव आणायचे मार्गही आहेत. 'देव पाण्यात घालून बसणे' हा आता वाक्प्रचार झाला असला तरी मुळात ती कृती आहे: काम होईपर्यंत देव पाण्यातून बाहेर काढायचे नाहीत. पाऊस लांबला की काही गावांत महादेवाचा गाभाराच पाण्याने भरतात. दुष्काळात पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न तिथे विचारत नाहीत. याला भक्ती म्हणावे की घेराव, हे ठरवणे अवघड आहे. पण ज्याच्याशी काहीच नाते नाही त्याला कोणी घेराव घालत नाही. नवसाची पद्धत सौम्य, कारण तिथे काम आधी आणि पैसे नंतर असतात. हे पैसे नंतर किती वर्षांनी, ते कराराच्या बाहेर ठेवलेले असते.

न मानणाऱ्यांचा उल्लेख केला पाहिजे. प्रत्येक घरात एक तरी नास्तिक असतो आणि दूर्वा आणायला त्यालाच पाठवतात, कारण स्कूटर त्याच्याकडे असते. त्याचे तर्क बिनतोड असतात. फक्त चौकातल्या मारुतीवरून जाताना त्याचा डावा हात हॉर्नवरून निघतो, छातीला लागतो आणि परत हॉर्नवर येतो. सगळा प्रकार अर्ध्या सेकंदाचा. नमस्काराचे लघुलेखन म्हणावे असा. विचारले तर शर्टाचे बटण चाचपत होतो असे सांगतो. टी-शर्ट घातलेला असला तरी.

देवाला असली किरकोळ कामे सांगणे हा आजकालचा आळस आहे असे कोणी समजू नये. ही परंपरा संतांनी घालून दिली आहे, आणि त्यांनी सांगितलेली कामे जास्त कष्टाची होती. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईबरोबर विठ्ठल जात्यावर बसून दळण दळत असे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला ते जाते आजही दाखवतात. अरणच्या सावता माळ्याला तो भाजीच्या वाफ्यातच सापडला, त्यामुळे पंढरपूरला जायची त्याला गरज पडली नाही. इतर संतांच्या पालख्या देवाकडे जातात. अरणला देवाची पालखी येते.

पैठणला एकनाथांच्या घरी तर देव पगाराशिवाय १२ वर्षे नोकरीला होता. श्रीखंड्या या नावाने तो गोदावरीवरून कावडीने पाणी भरायचा. द्वारकेहून एक ब्राह्मण देवाला शोधत आला तेव्हा हा श्रीखंड्या कोण ते उघडकीला आले, आणि तोवर श्रीखंड्या नाहीसा झाला होता. पुन्हा भूतकाळच! तो ज्या रांजणात पाणी ओतायचा तो नाथांच्या वाड्यात आहे. तुकाराम बीजेपासून लोक घागरी आणून त्यात ओततात. रांजण कोणाच्या घागरीने भरेल ते सांगता येत नाही. ज्याच्या घागरीने तो काठोकाठ भरून वाहतो त्याच्या रूपाने देव येऊन गेला, अशी श्रद्धा आहे, आणि त्याचा मान करतात. तो माणूस घरून निघाला तेव्हा बहुधा पायात चप्पल कोणाची सरकवली याच विचारात असतो.

पावतीचा राहिलेला हिशेबही इथेच मिटतो. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लोकांना खुली केली आणि बिदरच्या बादशहाने त्यांना पकडून न्यायला माणसे धाडली. ते वाटेत असताना विठू महार नावाचा एक माणूस दरबारात गेला, धान्याची सगळी रक्कम त्याने चुकती केली आणि पावती मागून घेतली. ती पावती दामाजींच्या पोथीत निघाली, असे कथा सांगते. देवाने पावतीसह पावल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. सरकारशी व्यवहार असल्यामुळे त्यालाही कागद लागला.

वारीत हे सगळे फारच सोपे होऊन जाते. तिथे समोर येईल तो 'माउली' असतो. "माउली, पाय जरा आवरा", "माउली, चहा घ्या", "माउली, रांग इकडून आहे." हवालदार वारकऱ्याला माउली म्हणतो, वारकरी हवालदाराला माउली म्हणतो, आणि दोघांच्या मध्ये अडकलेला मोटारवाला काच खाली करून, एरवी जे म्हणाला असता ते गिळून, "माउली, जाऊ का?" असे विचारतो. पालखी पुढे गेल्यावर पुढच्या सिग्नलपर्यंत हा परिणाम टिकतो. तिथून मूळ शब्द परत येतात.

एवढी माणसे एवढ्या तक्रारी घेऊन येणार म्हटल्यावर त्याची सोय पंढरपुरात केलेली आहे. पुंडलिकाने आई-वडिलांची सेवा चालू आहे म्हणून वीट फेकली आणि थांबायला सांगितले, तेव्हापासून विठ्ठल उभाच आहे. तरी रोज रात्री शेजारती होते आणि त्याला निजवतात. आषाढी यात्रेच्या दिवसांत तेही बंद. देवाचा पलंग काढतात, दर्शन २४ तास खुले राहते आणि उभे राहून पाठ भरून येऊ नये म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी कापसाचा लोड आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या देतात. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. पायांना लिंबू-साखर चोळून देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री शिणवटा जाण्यासाठी काढा देतात, आणि पलंग पुन्हा जागेवर येतो.